पहिला चेंडू बाजीरावचा

१९८६ साली आमच्या दिघ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी त्याच्या गळ्यात पहिलं काम मारलं ते क्रिकेटचं. कंपनीच्या टीममध्ये सलामीची एकच जागा होती, आणि ती ज्याला मिळेल तो नोकरीत कायम होणार. एकीकडे श्यामसुंदर, दुसरीकडे तीन वर्षं टेम्पररी असलेला माझा धाकटा भाऊ सुधीर. कोण भरभर धावा काढतो, ते आकडेवारीच्या प्रोग्रामने सांगायचं. प्रोग्राम चालवणारी मी, म्हणजे पंच घरचाच.

तरी सुधीर किंचित मागे पडला. कारण मला ठाऊक होतं. टीममधला तळवलीचा डावरा बाजीराव डावाचा पहिलाच चेंडू डोक्याला लागून मैदानातच दगावला होता. तेव्हापासून पहिला चेंडू त्याचा. त्याला सलामीवाला बॅट लावत नाही. सराव सामन्यांत सुधीर सलामीला जायचा; श्यामसुंदर तिसऱ्या नंबरवर यायचा, त्याला हा भुर्दंड नव्हता.

“ताई, तो चेंडू काढ ना,” सुधीर म्हणाला. “माझा नाहीच तो.”

मला पटलं. त्याच्या प्रत्येक डावातला पहिला चेंडू मी पुसला आणि आलेख छापला. प्रिंटर एकेका चेंडूला एकेक फुली मारत गेला. सुधीर आता पुढे होता. पण पहिल्या चेंडूच्या जागीही फुली होती. पुन्हा पुसलं, पुन्हा छापलं. फुली तिथेच. मी दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेले आणि बाजीरावच्या चेंडूचं सगळं सांगितलं.

जयप्रकाश साहेब हसले. “प्रिंटर बिघडलाय, नंदिनी. आणि सुधीरला सांगा, टीममध्ये यायचं तर पहिला चेंडू सोडणं बंद. असलं थोतांड इथे नको.”

“तेवढा एक सोड रे,” मी घरी सुधीरला विनवलं. मला खरंच भीती वाटत होती.

“परमनंट व्हायचंय ना मला?”

रविवारी त्याने पहिलाच चेंडू सीमेपार मारला. टाळ्या पडल्या. तो मात्र स्वतःचे हात बघत उभा राहिला. मग सावकाश वळला आणि डावरा उभा राहिला. उजव्या हाताने खेळणारा माझा भाऊ डावखुरा खेळून सगळ्यांना झोडपत राहिला. साहेब खूश.

सोमवारी तो कायम झाला. आईने शिरा केला. सुधीर डाव्या हाताने खाऊ लागला, तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली.

त्याने मान वर करून तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं.

“मावशी,” तो अदबीने म्हणाला, “मी याच हातानं जेवतो. आमच्या तळवलीत सगल्यांना ठाव हाय.”