काय दिवे लावलेस!

मुलांनो, कल्पना करा, डोंगरावर एक नवी वेधशाळा आहे. तिथली दुर्बीण रोज रात्री आकाशाचे फोटो काढते आणि सकाळी ते त्याआधीच्या रात्रीच्या फोटोंशी ताडून पाहिले जातात. काल नव्हतं ते आज दिसलं, तर ते नवं. दिव्याचा उजेड फोटोत शिरला, तर तोही नवाच वाटेल; म्हणूनच दुर्बिणीच्या घुमटाजवळ दिवा लावायला सक्त मनाई आहे.

एका सकाळी पडद्यावर एक पांढरा, शेपटीवाला डाग दिसला.

"धूमकेतू!" मोठे साहेब खुर्चीतून उठलेच. "चला, जगाला कळवू या."

दुर्बीण चालवणाऱ्या आत्याबरोबर तिची भाची आली होती. डाग पाहताच तिचा हात खिशातल्या टॉर्चकडे गेला. रात्री घुमटाच्या जिन्यात अंधाराला भिऊन तिने क्षणभर टॉर्च लावला होता. खरं सांगितलं तर डोंगरावर येणं कायमचं बंद होईल. गप्प बसलं तर आत्याच्या वेधशाळेचं जगभर हसं होईल.

"आत्या," ती पुटपुटली, "तो धूमकेतू म्हणजे मी आहे." तिने खिशातला टॉर्च टेबलावर ठेवला.

साहेब मटकन खाली बसले. आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "काय दिवे लावलेस गं बाई!"

"एकच लावला होता," भाची म्हणाली.

साहेबांना हसू आवरेना. "आज पुन्हा ये," ते म्हणाले, "पण हा टॉर्च इथेच राहील."

अंधार पडल्यावर भाची जिन्यापाशी आली. तिने कठडा घट्ट धरला, डोळे गच्च मिटले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.