निकुंभांचा कुंभक

निकुंभ आमच्या छायाचित्र मंडळाचे अध्यक्ष होते. मी नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात काढलेला रोल त्यांच्याकडे धुवायला दिला, तर त्यातला चक्रवाकाचा फोटो त्यांनी नाशिकच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावावर लावला. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. जाब विचारला तेव्हा सगळ्यांसमोर हसले. "वहिनी, पिसन् पीस मोजता येतंय त्यात. असा फोटो तुमच्या हातून?"

पुढच्या हिवाळ्यात मंडळाची सहल पुन्हा तिथेच निघाली. आदल्या दिवशी निकुंभ घरी आले, चहा घेतला आणि हळूच म्हणाले, "तुमचा कॅमेरा हलत कसा नाही हो?"

"तुम्ही योगासनं करता ना भाऊजी? मग कुंभक करा. छाती भरून श्वास घ्या आणि पक्षी मनासारखा वळेपर्यंत कोंडून ठेवा."

पुढच्या बैठकीत त्यांच्या स्लाइड पडद्यावर आल्या. प्रत्येक चक्रवाक भगव्या धुरासारखा फिसकटलेला. मागून कोणीतरी विचारलं, "अध्यक्ष, भूकंप झाला होता का?"

निकुंभ भडकले. "वहिनींनीच श्वास कोंडायला सांगितला!"

"म्हणजे तुम्ही वहिनींना विचारायला गेला होता?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "श्वास कोंडला की छाती धडधडते, हात हलतो. मी अर्धा सोडून बटण दाबते. तो चक्रवाकही तसाच काढला होता."

तो फोटो कोणाचा, हे मग कोणाला विचारावं लागलं नाही.

"मुद्दाम चुकीचं सांगितलंत?" निकुंभ पुटपुटले.

"हो," मी म्हणाले. त्या एका शब्दाची चव अजून जिभेवर आहे.