नाव न घ्यायचा आकडा

झुराकान आपा अंगणात हिवाळ्यासाठी शेणकुटं रचत होती आणि हेडमास्तर कादिरकुल तिच्यापुढं उभा राहून नव्या शिक्षकांना आधार कसा द्यायचा ते समजावून सांगत होता. आधाराचं महत्त्व तो इतक्या कळकळीनं सांगत होता, की म्हातारीच्या हातातली पाटी धरायचं काही त्याला सुचलं नाही.

"आपा, वरनं हुकूम आलाय. नव्या मास्तरणीला उस्ताद नेमायचा. म्या तुमचं नाव दिलंय."

"माझं? आरं, मला किती येळा रिटायर करशील? दर खेपंला मला मानाचा झगा घालतूस, भाषाण करतूस, आन सोमवारी सांगावा धाडतूस."

"गणिताची हाय, आपा. ही गेली तर वरचे वर्ग मोडणार. पोरं घाटापल्याडच्या शाळंत. बर्फ पडला की घाट बंद, म्हंजी शाळाबी बंद."

एवढं मात्र खरं होतं. चेत-बुलाक गावात बर्फ पाहुण्यासारखा येत नाही, जावयासारखा येतो आणि मुक्काम ठोकतो. घाट बंद झाला की पोरगे मेंढरांमागं जायचे आणि पोरींची लग्नं ठरायची. आपाला हे पुरतं ठाऊक होतं, कारण गावातली निम्मी माणसं शाळेत तिच्या हाताखालून गेली होती. तिनं शेवटचं शेणकूट थापकन ठेवलं आणि म्हणाली, "धाड तिला माझ्याकडं."

आधार देण्यात हे गाव तसं कमी नव्हतं. आधीचा विज्ञानाचा मास्तर आला तेव्हा गावानं त्याला झगा दिला, प्रशस्तिपत्र दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याच्या खोलीतली चूल मात्र धूर ओकायची, तिच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. बिचारा खोकत खोकत पहिल्या बर्फाआधीच पळाला. जाताना घड्याळ घेऊन गेला, म्हणून गाव अजून त्याच्या नावानं बोटं मोडतं.

नवी मास्तरीण बेगिमाय शहरातली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. तिलाही तीच खोली, तीच चूल. वर दर संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी जेवण. आज यांच्याकडं मेंढी, उद्या त्यांच्याकडं मेंढी. 'खा गं, खा गं' करून बायांनी तिला पार दमवली. उद्या वर्गात काय शिकवणार आहेस, हे मात्र एकीनंही विचारलं नाही.

ते विचारलं आपानं. ती वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायची. पहिल्याच दिवशी पोरांनी इतका गोंधळ घातला, की बेगिमायचा घसा बसला. तास संपल्यावर आपा म्हणाली, "वरडू नगं. तू वरडलीस की पोरांना वाटतं, बाईबी आमच्यातलीच. खडू खाली ठेव आन गप हुबी ऱ्हा."

"आणि गप्प बसली नाहीत तर?"

"तरीबी गप हुबी ऱ्हा. लाज येती त्यांना. जरा उशिरा येती, पर येती."

आली. महिन्याभरात वर्गाला बेगिमायचा लळा लागला. भागाकार म्हटलं की तोंड लपवणारी पोरं फळ्याकडं धावायला लागली. आपाला तर म्हातारपणी लेक झाल्यासारखं वाटलं, आणि तसं ती सगळ्यांना सांगतही सुटली.

पण असं सुरळीत चाललेलं हेडमास्तरला कसं बघवणार? त्यानं शाळेच्या बैठकीत घोषणा केली, "मास्तरणीला टिकवायचा एकच खात्रीचा उपाव. तिला गावाची सून करायची!"

"पळवून आणतूस काय रं?" आपा कडाडली.

"छ्या छ्या! आता कायदा हाय. आता प्रेम करवायचं."

आणि त्यानं चूल दुरुस्त करायला मेदेरला धाडलं. मेदेर हा पालक समितीचा अध्यक्ष तोक्सोनबाय याचा धाकटा मुलगा. पोरगा गुणी, हाताचा चलाख, दिसायलाही बरा. चूल एका दिवसात नीट झाली असती, पण मेदेरनं तिला आठवडा लावला. आपानं बेगिमायला एकांतात घेऊन विचारलं, "खरं सांग. तुला पायजे का कादिरकुलाला पायजे?"

"मला पाहिजे, आपा," ती लाजत म्हणाली.

मग आपा काय बोलणार? लग्न झालं, बेगिमायच्या डोक्याला सुनेचा पांढरा रुमाल बांधला गेला. हेडमास्तरनं भाषणात सांगितलं, की शिक्षक टिकवण्याचा आमचा प्रयोग तालुक्यात पहिला आहे. टाळ्या पडल्या.

आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

त्या मुलखात सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही. नावच काय, नावासारखा शब्दही तोंडात येऊ देत नाही. सासऱ्याचं नाव लोखंडावरून असेल तर जन्मभर लोखंडाला 'ते टणक' म्हणते आणि संसार करते. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं, कारण आजवर कुणी सुनेला गणित शिकवायला लावलं नव्हतं. तोक्सोनबाय जन्मला तेव्हा त्याचा आजा नव्वदीचा होता. म्हणून नाव ठेवलं तोक्सोन, म्हणजे नव्वद. आणि थोरला दीर घाई करून आठव्याच महिन्यात बाहेर आला, म्हणून तो सेगिझबाय. सेगिझ म्हणजे आठ.

लग्नानंतरच्या पहिल्याच तासाला बेगिमाय फळ्यापुढं उभी राहिली आणि सातापाशी अडकली.

"पाच, सहा, सात..." तिनं खडू या हातातून त्या हातात घेतला. "भावजी. नऊ."

पोरं आधी चक्रावली. मग त्यांना कळलं. आणि पोरांना एकदा कळलं, की मग काही विचारू नये. आठ म्हणजे भावजी, नव्वद म्हणजे मामंजी. त्यांच्या बोलीत अठ्ठ्याण्णव म्हणायचं तर आधी नव्वद म्हणायचं आणि मग आठ. म्हणून अठ्ठ्याण्णव झाले 'मामंजी-भावजी'. ऐंशीचा शब्दही आठासारखाच, म्हणून तोही वर्ज्य. पाढे असे काही रंगले, की शेजारच्या वर्गातली पोरं दाराशी येऊन ऐकायला लागली. गावात बटाट्याचा भावसुद्धा 'भावजीला किलो' असा सांगू लागले.

बेगिमाय दोन दिवस हसली, तिसऱ्या दिवसापासून तिचं हसू आटलं. घरी पहाटे उठून समोवार पेटवायचा, गाईची धार काढायची, सगळ्यांना चहा ओतायचा. आणि शाळेत आपल्याच विषयाचा तमाशा. तालुक्याच्या तपासनीस बाई उघडा तास, म्हणजे चारचौघांसमोर घ्यायचा तास, बघायला येणार असं ठरलं. वरचे वर्ग ठेवायचे की मोडायचे ते त्या तासावर ठरणार होतं. धडा होता कोनांचा. आपा तिला शोधत गेली, तर ती गोठ्यात सापडली.

"तयारी झाली का गं?"

"आपा, एवढा तास झाला की मी शाळा सोडते." बेगिमायनं मान वर केली नाही. "गणित शिकवणारीनं आकडे चोरायचे, हे मला जमत नाही. पोरं हसतात ते माझ्यावर नाही, गणितावर हसतात."

"सासूला बोललीस?"

"बोलले. म्हणाल्या, या घरात किती सुना नांदल्या, कुणाची जीभ झडली नाही. तुझंच काय मोठं आकड्यावाचून अडलंय?"

"आन मेदेर?"

"तो म्हणतो, तू म्हणशील तसं. पण वडिलांपुढं उभा राहिला की त्याचं तोंडच उघडत नाही."

आपा तशीच तडक हेडमास्तरच्या दारात गेली.

"टिकवली का रं मास्तरीण?"

"टिकवली की! आता कुठं जाती?"

"व्हय, टिकली. गोठ्यात टिकली. दुखणं रेड्याला आन इंजेक्शन पखालीला दिलंस, मुडद्या! तोक्सोनला जाऊन सांग, सुनंला मोकळी कर."

"मी? अध्यक्ष हायती ते, आपा. रिवाजाची बाब. तपासनीस बाई येऊन जाऊंद्यात, मग एक समिती नेमू." हेडमास्तरच्या आवाजात एवढी नम्रता आपानं कधी ऐकली नव्हती.

उघड्या तासाला वर्ग झाडून घेतला होता. खिडकीत प्लास्टिकची फुलं होती. पुढच्याच बाकावर उंच पांढरी टोपी घालून तोक्सोनबाय बसला होता. सून बघायला आला होता की तपासनीस बाई, ते त्यालाच ठाऊक. बेगिमायनं फळ्यावर त्रिकोण काढला. ती नव्वद अंशांच्या कोनाला 'हा सरळ उभा कोन' म्हणत, बोटानं दाखवत, आकड्यांना वळसे घालत पुढं सरकली. आपा मागच्या बाकावर बसली होती. तास निभावला असता. पण तपासनीस बाईंना प्रश्न विचारायची हौस आली.

"मुलांनो, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?"

आणि अख्खा वर्ग एका सुरात, छाती काढून ओरडला, "दोन मामंजी!"

तपासनीस बाईंचा हात हवेतच राहिला. हेडमास्तर छताकडं बघू लागला. मागं बसलेल्या बाया पदरात तोंड घालून फिसफिसल्या. तोक्सोनबाय लाल झाला, उठला, आणि बेगिमायनं खडू खाली ठेवला. तो खडू ती पुन्हा उचलणार नाही, हे आपाला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"तोक्सोन!" म्हातारी मागनं गरजली. "चाललास कुठं? फळ्यापाशी जा!"

तोक्सोनबाय जागीच थबकला. अध्यक्ष असला, आजा झाला असला, तरी हा आवाज त्याच्या पाठीला लहानपणापासून ओळखीचा होता. टोपी काढून तो फळ्यापाशी गेला.

"आपा, चारचौघांत..."

"चारचौघांतच इचारते. भूमितीत तू दोनदा नापास झालास, तवाबी चारचौघांतच झालास. ह्यो कोन किती अंशांचा?"

तोक्सोनबायनं त्रिकोणाकडं पाहिलं. घाम पुसला. पोरं ओठ हलवून त्याला 'मामंजी, मामंजी' असं सांगत होती.

"तोक्सोन," तो शेवटी पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"तोक्सोन, आपा! काटकोन हाय. तोक्सोन अंश!"

"बरुबर. मग आता सांग, ह्यो आकडा तुज्या बापानं इकत घेतलाय काय? तुजी नातवंडं ह्याच शाळंत शिकणार. त्यांनी नव्वद म्हणायचं का मामंजी? ही पोरगी उद्यापास्नं गोठ्यात बसणार हाय. मग गणित कोन शिकवणार, तुजी गाय?"

तोक्सोनबाय टोपी हातात फिरवत राहिला. सुनेकडं थेट बघायचा त्यालाही रिवाज नव्हता, म्हणून तो खडूकडं बघून बोलला.

"बोल, लेकी. शाळंत बोल. कोनाला माजी कसली लाज? आन सेगिझचंबी घे. त्याला म्या सांगतू."

बेगिमायनं खडू उचलला. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग बारीक आवाज आला. मग तिनं मान वर केली आणि खणखणीत म्हणाली, "तोक्सोन! काटकोन तोक्सोन अंशांचा."

आपाला रडू आवरेना. तिनं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

तास संपला. तपासनीस बाईंनी वरचे वर्ग राहतील असं जाहीर केलं. हेडमास्तर लगेच पुढं झाला आणि हा सगळा बारा महिने आधीच आखलेला उपक्रम आहे, असं सांगू लागला. बाईंनी त्याच्याकडं दुर्लक्ष करून बेगिमायचा हात धरला.

"शेवटचं जाऊ द्या, पण ते आधीचं फारच छान होतं. लोकपरंपरेशी जोडलेलं गणित! तालुक्याच्या मेळाव्यात दाखवाल का? दोन मामंजींसकट?"

बेगिमायनं एकदा सासऱ्याकडं पाहिलं. तो अजून फळ्यापाशीच उभा होता, टोपी हातात, पाठ ताठ.

"नाही जमायचं, बाई," ती म्हणाली. "एकच मामंजी सरळ उभा करताना अख्खं गाव दमलं. दुसरा कुठून आणू?"