हालचाल कुठे हरवते

माझी सून उज्ज्वला सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या मुलांना शाळेत नेते-आणते. तिची व्हॅन बरीच जुनी. परवा भेस्तानच्या वळणावर तिने रिव्हर्स टाकला, पडला पुढचाच गिअर, आणि व्हॅन भिंतीला घासली. सोमवारपर्यंत गाडी नीट झाली नाही तर मुलांना दुसऱ्या व्हॅनमध्ये घालू, असं पालकांनी सांगितलं. आज रविवार.

"विकून टाकते," उज्ज्वला म्हणाली. "माझाच हात बसत नाही तिच्यावर."

माझी नात पल्लवी गिअरचा दांडा हलवत बसली होती. दांडा भाजीतल्या डावासारखा कसाही फिरत होता.

"आबा, दांडा इथे आणि गिअरबॉक्स तिकडे. मग त्याला कळतं कसं?"

"चल, बघू."

इंजिन बंद होतं. मी हँडब्रेक ओढला, चाकांना पुढून-मागून विटा लावल्या. मग गोणपाटावर आडवा होऊन खाली सरकलो. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी सळ्या जातात, एक सळी दुसरीला ढकलते. दोन्ही सळ्यांवर खडूने खूण केली आणि बाहेर आलो.

"आता तू खाली जा. मी दांडा हलवतो. खुणांकडे बघ, हात लावू नकोस."

"पुढची हलली," खालून आवाज आला.

"आणि मागची?"

"बसून आहे."

"मग हालचाल हरवली कुठे?"

खाली गोणपाट सरकल्याचा आवाज आला.

"मधल्या सांध्यात. आबा, हाई काय शे? इथे दोरा गुंडाळलाय."

मी वाकून पाहिलं. दोन सळ्या जोडणाऱ्या सांध्यात प्लॅस्टिकचं बुश, म्हणजे सांधा घट्ट धरणारी कडी, हवं. तिथे पॉलिस्टरच्या सुताचे वेढे होते, तेलाने काळे आणि सैल पडलेले. गाठ मात्र पक्की, मागावर तुटलेला धागा जोडताना मारतात तशी.

तेवढ्यात माझा मुलगा वाल्मिक यंत्रमागावरच्या रात्रपाळीची झोप काढून बाहेर आला. "मीच बांधलं ते. बुश फुटलं होतं. मागावर असंच बांधतो, पाळी निघून जाते."

"जाते. मग त्या सुताचं काय होतं?"

"सैल पडतं. परत आवळतो."

"कोण?"

"मीच. समोरच उभा असतो ना." बोलता बोलता तो थांबला. व्हॅनच्या खाली बघून म्हणाला, "इथे कोणी उभं नसतं."

"वर मी बसलेली असते की," उज्ज्वला म्हणाली. "मला सांगायचं तरी. मी रोज स्वतःच्या हाताला नावं ठेवत होते."

वाल्मिकने सुताचे वेढे कापून काढले. सायकल काढून उधन्याला गेला आणि बुश घेऊन आला. ते सांध्यात शिरेना. मी ते गरम पाण्यात टाकलं.

"शिजवायचं?" पल्लवीने विचारलं.

"दाबून बघ. मघाशी कसं होतं?"

तिने चमच्याने बाहेर काढलं, थोडं निवल्यावर चिमटीत दाबलं. "मऊ झालं."

मऊ होतं तोवर वाल्मिकने ते सांध्यात दाबून बसवलं. पल्लवी पुन्हा खाली गेली. या वेळी दोन्ही खुणा बरोबर हलल्या.

उज्ज्वलाने विटा काढायला लावल्या आणि गल्लीत, भिंत आणि हातगाडीच्या मधून, व्हॅन मागे घेतली. गिअर पहिल्याच खेपेला पडला. तिने पुढे नेऊन परत मागे आणली.

"दर रविवारी खाली बघत जाईन," वाल्मिक म्हणाला.

"बघायचं मी बघेन. तुम्ही फक्त गाठी मारू नका."

मग तिने फोन लावला आणि पहिल्या मुलाच्या आईला सांगितलं, उद्या नेहमीच्या वेळेला येते.