हापशाचा दांडा आणि महांतेशच्या नोट्स

हापशाचा दांडा लोखंडी असतो आणि चांगल्या तालमीतल्या माणसालाही तो एका हातात फार वेळ धरवत नाही. तो हापशात बसवून वरखाली केला की पाणी येतं. माणसाच्या डोक्यात बसवला की रक्त येतं. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात दुसराच उपयोग जास्त झाला.

गल्ली लातूरची, शिकवण्यांची. भूकंपाला बारा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात गल्लीत घरांपेक्षा हॉस्टेलं जास्त झाली होती. वादळात विजेचे मनोरे आडवे झाले, मागोमाग मोठं सबस्टेशन जळालं आणि सगळीकडची वीज गेली. पहिल्या आठवड्यात सगळे म्हणाले, येईल. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, येईल की. तिसऱ्या आठवड्यात कुणी काही म्हणेना. नळ आटले, कारण नळापर्यंत पाणी चढवायला मोटार लागते. बोअरमधल्या मोटारी बोअरमध्येच झोपून राहिल्या. डिझेल, रॉकेल, गॅस या क्रमाने संपले. कधीमधी बैलगाडीवरची टाकी यायची ती खदानीतलं हिरवं पाणी घेऊन. 'पाणी उकळून प्या' असं सांगत रिक्षा फिरायची. तिची बॅटरी उतरल्यावर एक माणूस हलगी वाजवत तेच सांगत फिरू लागला. कशावर उकळायचं ते हलगीत येत नव्हतं.

मेडिकलची परीक्षा पुढे ढकलली गेली होती. तरी कुणी गावी गेलं नाही. आपण गेलो आणि शेजारच्या खाटेवरचा नाही गेला तर तो तेवढं पुढे जाईल, ही भीती तहानेपेक्षा मोठी होती.

आमचे हॉस्टेलमालक अण्णाराव औशाकडचे. कपाळाला भस्माचे तीन पट्टे. भूकंपात त्यांच्या घराचं दार अडकलं आणि ते अर्धा दिवस आत राहिले. तेव्हापासून त्यांचा दारांवर राग. जळण संपलं तेव्हा त्यांनी हॉस्टेलची सगळी दारं स्वतः पहारीने उचकटली, संडासाचीसुद्धा, आणि चुलीत घातली. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी पूजेच्या वेळीही पाहिलं नव्हतं. दारांमागून खिडक्या गेल्या, खाटा गेल्या, कॅरमबोर्ड गेला, अंगणातला कडुनिंब गेला. मग जाळण्यासारखं काही उरलं नाही. असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

माझा रूम पार्टनर महांतेश देगलूरचा. प्रत्येक टेस्टमध्ये पहिला. त्याने हाताने लिहिलेल्या नोट्स खोलीच्या एका भिंतीला लागून कमरेएवढ्या रचलेल्या होत्या. गल्लीतली पोरं त्या नोट्सकडे दुसऱ्याच्या म्हशीकडे बघावं तसं बघायची. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, प्रकरण त्याला तोंडपाठ होतं. तरी शेवटचा कडुनिंब जळत होता तेव्हाच त्याने खदानीचं पाणी न उकळता प्यायलं, कारण चुलीपुढे रांग होती आणि त्याची रिव्हिजन बुडत होती.

दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. त्याच्या पुढच्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले, पोटऱ्यांत गोळे आले. हाताची कातडी चिमटीत धरून त्याने मला दाखवली. "बघ अरीब, सोडली तरी खाली जात न्हाई. उजव्या पानावर खाली आकृती हाय."

मी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. व्हरांड्यात माणसं एकमेकांच्या पायांवर डोकी ठेवून पडली होती. डॉक्टर म्हणाले, "सलाईन न्हाई. चांगलं पाणी आण, लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा. आज पाणी मिळालं न्हाई तर त्याला परत इथं आणू नको, ठेवायला जागा न्हाई."

चांगलं पाणी गल्लीत एकाच ठिकाणी होतं. मधोमधच्या सरकारी हापशाला. खोल, गोड आणि तपासलेलं. पण समोरच्या हॉस्टेलच्या आप्पासाहेबांनी वीज गेल्या गेल्या हापशाची पिन काढून दांडा घरी नेला होता. "सुरक्षेसाठी," म्हणाले. रात्री तो उशाशी घेऊन झोपायचे. सकाळी येऊन दांडा बसवायचे, आपल्या पोरांना पाणी द्यायचे आणि दांडा खांद्यावर टाकून परत जायचे. अण्णारावांच्या आणि त्यांच्या हॉस्टेलचं वैर जुनं होतं. आम्हाला थेंब मिळत नव्हता.

मी कळशी घेऊन पुढे झालो. "आप्पा, एक कळशी द्या. पोरगं मरून राहिलं."

"कितवा येतो?"

"पहिला."

आप्पांनी हापसणं थांबवलं. त्यांच्या हॉस्टेलमधला मुनीब नावाचा पोरगा वर्षभर दुसरा येत होता. त्यांनी दांडा उपसून खांद्यावर घेतला. "त्याला म्हणावं, टाकीचंच पी."

मागून अण्णाराव पहार घेऊन आले. "पाण्याला न्हाई म्हणतो? तुझ्या बापानं खणला का हापसा?"

"बाप काढू नको, दारजाळ्या!"

आप्पांनी दांडा फिरवला. तो अण्णारावांना लागलाच नाही. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या तोंडावर लागला आणि पोराने पुढचे दात ओंजळीत घेतले. मग दोन्ही हॉस्टेलं रस्त्यावर उतरली. एरवी ही पोरं एकमेकांना पेन देत नसत. त्या दिवशी हातात येईल ते दिलं. विटा दिल्या, बादल्या दिल्या, एकाने पट्ट्याचं बक्कल दिलं आणि दुसऱ्याची भुवई सोलून आणली. मुनीबने एकाचं डोकं हापशाच्या ओट्यावर नारळासारखं आपटलं. अण्णारावांनी पहार दोन्ही हातांनी उचलून आप्पांच्या टाळक्यावर घातली. आप्पा वाकले आणि पहार हापशाच्या डोक्यावर बसली.

आतली साखळी तुटली. तिला लटकलेल्या सळया बोअरमध्ये निघाल्या आणि खडखड आवाज खाली खाली जात राहिला.

लातूरची माणसं जमिनीतून आवाज आला की थांबतात. दोन्ही बाजू थांबल्या. एकमेकांच्या कॉलरी धरून सगळे वर इमारतींकडे बघू लागले. मग कळलं की भूकंप नाही, फक्त हापसा मेला. सगळ्यांना हायसं वाटलं आणि मारामारी पुन्हा सुरू झाली, आता जास्त मोकळेपणाने, कारण सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी रिकामी कळशी आप्पांच्या कानावर हाणली. कळशीला पोचा आला. कानाचं विचारू नका. दांडा त्यांच्या हातून सुटला आणि मी तो घेऊन पळालो. मोडक्या हापशाचा दांडा कशाला घेतला, ते सांगता येत नाही. पाण्याला गेलो होतो, रिकाम्या हाताने परत कसं जायचं?

खोलीत महांतेश भिंतीला, म्हणजे नोट्सना टेकून बसला होता. ओठ पांढरे. बादलीत टाकीचं पाणी होतं, तुरटी फिरवून चौपदरी धोतरातून गाळलेलं. फक्त उकळायचं राहिलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. दार असतं तर लावलं असतं. मुनीब आत आला, कपाळ फुटलेलं, हातात लायटर. मागे दोन्ही हॉस्टेलांची पोरं दाटली.

"दांडा दे, अरीब."

"हापसा मोडला की रे."

"हापसा सरकारचा. दांडा आप्पांचा हाय." त्याने नोट्सच्या ढिगावरचा पहिला कागद उचलला. "देतो का जाळू ह्या?"

जिन्यावरची गर्दी पुढे सरकली. शत्रूच्या पोरांनीसुद्धा नोट्स वाचवायला हात पुढे केले. मुनीबने लायटर पेटवला आणि नमुन्यादाखल तो कागद पेटवला.

कागद मस्त जळाला. पिवळी, उंच, सरळ ज्योत. मी ज्योतीकडे बघितलं, मग बादलीकडे बघितलं. आम्ही दारं जाळली होती, कडुनिंब जाळला होता, पाण्यासाठी लोकांचे दात पाडले होते, आणि या गल्लीत प्रत्येक खोलीत बैलगाडीभर कागद पडून होता. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अजून एक जाळ," मी म्हणालो.

"सगळ्या जाळीन हां!"

"जाळ ना."

मुनीब घाबरला. त्याने लायटर खिशात घातला. "पागल झाला का बे? महांतेशच्या नोट्स हायत ह्या."

लायटरसाठी मला त्याचा गुडघा मोडावा लागला. दांडा एकदाच बसला. आवाज ऊस मोडल्यासारखा झाला.

खिडकीच्या भोकाखालच्या तीन विटा काढून मी चूल मांडली, पातेलं ठेवलं आणि नोट्स खाली सारल्या. तेव्हा महांतेशच्या अंगात कुठून तरी जीव आला. तो सरपटत येऊन माझ्या मनगटाला चावला. "बेड रे, बेड! ऑरगॅनिक नको!" देगलूरचा असल्याने जीवावर बेतलं की तो आधी कानडीत नको म्हणायचा. त्याचे दात माझ्या मनगटात, माझं रक्त त्याच्या हनुवटीवर. तेवढीच ओल होती त्याच्या तोंडाला. मी दुसऱ्या हाताने ऑरगॅनिक चुलीत घातलं.

मग पोरं माझ्यावर पडली. आमचीच. पाठीत लाथा बसत होत्या. "झेरॉक्स तरी काढू द्यायची, साल्या!" एक जण रडत मारत होता. अण्णाराव पहार फिरवत आत घुसले, एकाची बरगडी वाजली आणि बाकीचे जिन्यावरून एकमेकांवर कोसळत खाली गेले. अण्णाराव दाराच्या जागी आडवे बसले. दार कशासाठी असतं ते त्यांना त्या दिवशी पटलं असावं.

मी उठेपर्यंत चूल विझायला हवी होती. विझली नव्हती. मुनीब मोडका पाय लांब करून चुलीपाशी बसला होता आणि एकेक पान आत सारत होता.

"सगळ्या जाळायच्या?" त्याने विचारलं.

"पाणी खळखळ उकळेपर्यंत."

त्याने थोडा विचार केला. "मग मोठं पातेलं ठेव की."

पाणी खळखळून उकळलं. थंड केलं, साखर-मीठ घातलं. पहिला घोट महांतेशने माझ्या अंगावर ओकला. दुसराही. तिसऱ्यानंतर मी चमचा घेतला आणि मुनीबने त्याचं नाक दाबून तोंड उघडलं. गुडघ्याच्या ठणक्याने मुनीब विव्हळत होता, पण पकड ढिली करत नव्हता. संध्याकाळी महांतेशला लघवी झाली. मुनीबने खिडकीच्या भोकातून ओरडून गल्लीला सांगितलं. थोड्या वेळाने समोरच्या गच्चीवरून धूर निघाला, मग पलीकडून, मग सगळीकडून. गल्लीत पुढे कुणी पटकीने गेलं नाही. पाठांतर गेलं ते वेगळं.

दोन दिवसांनी महांतेश स्वतःच्या पायांवर उभा राहिला. त्याने काळी भिंत बघितली. मग कोपऱ्यातला दांडा बघितला. ज्याला परवा चमचा धरवत नव्हता त्याने तो दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि माझ्या खांद्यात घातला. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, मग कळलं.

"लई जोरात लागलं का?" फळ्या बांधलेला पाय उशीवर ठेवून पडलेल्या मुनीबने विचारलं.

"लई," मी जमिनीवरून म्हणालो.

"म्हणजे बरा झाला." मुनीबचा चेहरा पडला.

"बेंझीन," महांतेश दातओठ खात म्हणाला, "सहा कार्बन, सहा हायड्रोजन, षटकोनी रचना," आणि जळालेलं पहिलं पान एकही शब्द न चुकता म्हणत त्याने दांडा पुन्हा उचलला.