कर्नलसाहेबांच्या मिशा आणि माझ्या खाचा

मी एक जुनी तोफ आहे मित्रांनो, काशाची, नाव क्लोतिल्द. कुणी चिंधी घेऊन जवळ आलं की माझं डोकं सणकतं. का, ते ऐका.

तरुणपणी माझी नळी आतून गुळगुळीत होती. गोल गोळा टाकायचा, बत्ती द्यायची आणि देवाचं नाव घ्यायचं. नेम समोरच्या टेकडीवर धरला की पळायच्या शेजारच्या कुरणातल्या गाई! मग कारखान्यात नेऊन माझ्या पोटात पिळदार खाचा पाडल्या. दुखलं फार, पण काय सांगू! आता गोळा यायचा लांबोडका, अंगावर जस्ताच्या गुंड्या. गुंड्या खाचांत बसायच्या आणि गोळा भोवऱ्यासारखा गरगरत, नाक पुढे करून सरळ जायचा. पहिल्याच दिवशी मी लांबवरचं वाइनचं रिकामं पिंप फोडलं. मोझेल नदीच्या काठच्या आमच्या छावणीत माझ्या नावाने प्याले उंचावले गेले.

माझा सार्जंट बार्नाबे माझ्यावर जीव टाकायचा. तिथेच माती झाली. नवे कर्नलसाहेब आले, ते चकचकाटाचे शौकीन. माझ्या तोंडात डोकावून म्हणाले, "सार्जंट, इथे मला माझ्या मिशा दिसल्या पाहिजेत!"

झालं! बार्नाबेने काठीला चिंधी बांधली, विटेची पूड घेतली आणि रोज सकाळी खसाखसा, खसाखसा. अरे, काशाच्या खाचा त्या, विटेपुढे किती टिकणार? पण मी ओरडणार कशी? तोंड एवढं मोठं, पण बत्ती दिल्याशिवाय आवाज निघत नाही!

शेजारी माझी जुळी बहीण ऑर्तांस. तिचा गोलंदाज ओनेझिम एक नंबरचा ऐतखाऊ. गोळे सुटले की सावकाश कधीतरी ओला बोळा आणि तेलाचा हात फिरवायचा, की चालला पत्ते कुटायला.

"अरे आळशा, घास की तिला जरा!" बार्नाबे ओरडायचा.

"तूच घास बाबा. एवढं बायकोला गोंजारलं असतंस तर ती पाववाल्याबरोबर पळाली नसती."

"बायकोचं नाव काढू नकोस!"

"बरं, तोफेचं काढतो. तिला तरी सोड!"

आणि एक दिवस हुकूम आला. दोघींपैकी एकच ठेवायची, दुसरी भट्टीत. चाचणी घ्यायची ठरली.

आधी ऑर्तांस. धडाम! पिंपाच्या चिंधड्या. मग मी. माझ्यात गोळा घातला, तर गुंड्यांना धरायला खाचाच नाहीत! आत नुसता खुळखुळला. बाहेर पडला तो कोलांट्या खात, आणि धप्पकन कर्नलसाहेबांच्या स्वयंपाक्याच्या कोबीत.

"वारा होता, साहेब!" बार्नाबे पांढराफटक पडला, पण हात थांबला नाही. तेवढ्यात चिंधी फिरवलीच त्याने.

कर्नलसाहेब माझ्यात डोकावले. मिशा दिसल्या. खूश होऊन त्यांना पीळ दिला. मग ऑर्तांसमध्ये डोकावले, तर नाक काजळीने काळं.

"ही घाणेरडी भट्टीत घाला!"

ओनेझिम जन्मात पहिल्यांदा ताठ उभा राहिला. "साहेब, पण पिंप हिने फोडलं!"

"आणि माझं नाक कुणी काळं केलं? वारा कुणाच्या हातात नसतो. शिस्त असते!"

ऑर्तांसला गाड्यावर घालून नेलं. मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मला मिळाली मानाची लाल फीत. त्या दिवशी ओनेझिमने पत्ते काढले नाहीत.

आता मी गावच्या चौकात उभी असते. म्हातारा बार्नाबे दर रविवारी चर्चमधून थेट इकडेच येतो. "मळलीस गं, क्लोतिल्द," म्हणतो आणि खिशातून विटेची पुडी काढतो.

मित्रांनो, जीव लावा, पण ज्याला लावता त्याला काय सोसतं ते आधी बघा. माझ्या तोंडात हात घाला, एक तरी खाच लागते का सांगा. आणि एवढं करा, त्या म्हाताऱ्याच्या खिशातली पुडी हळूच काढून घ्या. तिच्या जागी पत्ते ठेवा.