अर्ध्या वाक्यावर उठणारी माणसं

मला पाठ नाही आणि हातही नाहीत. कुंडम गावाकडच्या बांबूच्या कामट्या, वर सुतळीची वीण आणि बुडाला सायकलच्या जुन्या टायरचं कडं, एवढंच माझं शरीर. मित्रांनो, मी एक मोढा आहे, बसायचं बुटकं आसन, आणि आता बराच जुना झालो आहे. जबलपूरच्या चेरीतालमध्ये नीलकंठरावांच्या ओसरीत, त्यांच्या आरामखुर्चीसमोर माझी जागा आहे. माझी गोष्ट तुम्हाला आवडेल की नाही, कोण जाणे. पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

ज्याने मला विणलं, त्याने माझ्यावर उभं राहून माझी परीक्षा घेतली होती. नीलकंठरावांच्या पत्नी जयाबाईंनी नव्या संसारात मला आणलं, तेव्हा येणारेजाणारे माझ्या मजबुतीचं कौतुक करत. पण माणसाचं वजन पेलणं सोपं असतं, त्याची चुळबुळ पेलणं अवघड. ज्याला नुसतं बसायचं असतं तो ऐसपैस टेकतो. ज्याला मनातलं सांगायचं असतं तो कडेवर बसतो आणि त्याचा पाय हलत राहतो. ती थरथर माझ्या कामटीकामटीतून जाते.

नीलकंठराव वाईट नव्हते. सारी नोकरी त्यांनी रेल्वेच्या चौकशी खिडकीवर केली. समोरच्याने "भैया, कटनी..." एवढं म्हणावं, की गाडी, वेळ, प्लॅटफॉर्म सगळं बाहेर. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतात, म्हणून तिथे त्यांचं नाव होतं. ते निवृत्त झाले. खिडकी सुटली, सवय मात्र घरी आली.

एकदा पाटनचे बाबाराव माझ्यावर बसले. "नीलकंठजी, पोरगा आता वेगळं राहीन म्हणून राहिला..."

"चांगला वकील आहे माझ्या ओळखीचा. नंबर घ्या."

बाबारावांनी नंबर घेतला, चहा अर्धा ठेवला आणि उठले. जयाबाईंचंही तसंच. "अहो, आज मला कसंतरीच..." की लगेच "लिंबूपाणी घे". हळूहळू त्या माझ्यावर बसेनाशा झाल्या. मग माझ्यावर रद्दीचा गठ्ठा आला. वीण सैल पडली.

मागच्या महिन्यात नात समृद्धी घरी आली. ती नागपूरला होस्टेलवर राहून परीक्षेची तयारी करते. तिने गठ्ठा खाली ठेवला आणि माझ्या अगदी कडेवर बसली. तिचा पाय थांबेना.

"आजोबा, होस्टेलमध्ये ना मला..."

"जेवण बरं नसेल. आजी चिवडा देईल."

"जेवण ठीक आहे. लेकिन..."

"रविवारचं रिझर्वेशन झालंय. खालचा बर्थ मिळालाय."

ती उठली. दारापर्यंत गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी जीव तोडून करकरलो, पण मोढ्याच्या करकरण्याकडे कोण लक्ष देतं? आईवडिलांना सांगायची तिची हिंमत नव्हती. रविवारी ती गाडीत बसली असती, तर ते अर्धं वाक्य तिच्यासोबतच गेलं असतं. आणि नागपुरात तिचं कोणीच नव्हतं.

रविवारी दुपारी जयाबाईंनी आरामखुर्चीचं कापड धुवायला काढलं. नीलकंठराव नाइलाजाने माझ्यावर बसले. समृद्धी बॅग घेऊन पायरीवर टेकली.

"आजोबा, मला परत..."

"परतीचं तिकीट ना? होळीचं आत्ताच काढून टाकू."

जयाबाई कापड वाळत घालत होत्या. वळूनही न पाहता म्हणाल्या, "अहो, काहून घाई करून राहिले? तिच्या मागे रांग नाही उभी."

नीलकंठरावांनी तोंड मिटलं. आता पाय हलू लागला तो त्यांचा. उत्तरं त्यांच्या ओठांपर्यंत येत होती. दर वेळी त्यांचा भार पुढे सरके आणि मागे जाई. टेकायला पाठ मी देऊ शकत नव्हतो, म्हणून ते तिच्याकडे वाकलेलेच राहिले.

समृद्धी उत्तराची वाट पाहत राहिली. ते आलं नाही. मग तीच बोलली. "मला परत नाही जायचं. मी क्लासला जाते म्हणून निघते आणि स्टेशनवर जाऊन बसते. दिवसभर. पप्पांनी विचारलं की सांगते, सब ठीक."

"मग?" नीलकंठरावांनी विचारलं.

"मग काही नाही. इकडची गाडी लागते. तिच्याकडे बघते. चढत नाही."

त्या गाडीची वेळ, प्लॅटफॉर्म, मधली सगळी स्टेशनं नीलकंठरावांना पाठ होती. त्यांनी एकही शब्द उच्चारला नाही.

"आता मी काय करू, आजोबा?"

"मला माहीत नाही गं," ते म्हणाले. खिडकीवर हे वाक्य त्यांनी कधी कुणाला ऐकवलं नसेल. "अजून सांग."

तेवढ्यात नीलकंठरावांचा मुलगा, समृद्धीचा बाप अतुल, स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर आला. "चलो बेटा, उशीर होऊन राहिला. अरे, रडते काहून? तिथे गेली की..."

नीलकंठरावांनी हात वर केला. "थांब अतुल. बस इथे. तिचं संपलं नाही अजून."

अतुलने घड्याळ पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि पायरीवर बसला. गाडी गेली.

पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. रोज विषय निघतो, अतुल चिडतो, समृद्धी उठून जाते, परत येते. मलाही स्वस्थता नाही. मित्रांनो, माझी सैल सुतळी कुणीतरी आवळा, कारण मला अजून बरंच काम दिसतं आहे. आणि तुमच्या घरी कुणी बोलता बोलता अडलं, तर ती रिकामी जागा घाईने भरू नका. राहिलेलं वाक्य त्याच्याचपाशी असतं.